होडीचा वाटा

"बाहेर या आधी त्या लाकडातनं," राही म्हणाली. "भाकरीचा चामडा झाला."

केरू बाहेर आला नाही. आंब्याच्या आडव्या खोडाच्या पोटात गुडघे टेकून तो तासणी चालवत होता. आदल्या दिवशी आत विस्तव घालून जाळलेलं लाकूड काळं पडलं होतं आणि त्या काळ्याखालून हळदीसारखा पिवळा गर निघत होता. केरूचं तोंड, छाती, पोटऱ्या, सगळं कोळशाने माखलं होतं. नुसते डोळे तेवढे माणसाचे दिसत होते.

"ऐकू येतंय का?"

"येतंय. ठेव तितं."

"तितं कुतं? कोंबड्यांच्या म्होरं?"

तेवढ्यात खालच्या बंदरवाडीतला मोरू खारवी पेंढ्याचे भारे न्यायला वर आला. घर शाकारायचं होतं त्याला. खोडाजवळ थांबला, भोवती एक फेरी मारली आणि हसला.

"केरूदा, होडी कोरतोस का म्हशीची डोण?"

"डोणच हाय. तू वाक, तुलाच पाणी पाजताव पयला."

मोरूने लाकडावर बुक्की मारून आवाज घेतला. कान लावला. मग हसणं सोडून नीट बोलला. "लाकूड बरा हाय. आतनं आनिक दोन बोटा काढ. आन् मग खाडीत ने, चिखलात पूर, वर दगड ठेव. आख्खा पावसाळा बुडू दे."

"बुडू दे? होडी मी तरंगायला करताव का बुडवायला?"

"सुकला का फुटला, केरूदा. होडीच्या लाकडाला पाण्याची सवय लावायला लागते."

"लाकूड नको शिकवू आमाला. नांगर म्हण, जू म्हण, आमच्या हातनं सगळा होतो. वल्या लाकडाचा नांगर करतो का कोण?"

"नांगर येगळा, होडी येगळी."

"पेंढा घे आन् जा."

मोरूने खांदे उडवले आणि भारे उचलून गेला. तो खरं सांगत होता. पण ज्याच्या तोंडचा घास काढायला आपण निघालो, तो माणूस आपल्याला खरं सांगेल यावर कोण विश्वास ठेवील? केरूने नाही ठेवला. केरूच्या जागी मी मी म्हणणारा शहाणा असता तरी त्याने ठेवला नसता.

कारण होडी मासे मारायला नव्हतीच. होडी हवी होती ती शिकारीला.

खाडीच्या मधोमध एक जुवा आहे. जुवा म्हणजे चहूकडून पाण्याने वेढलेलं बेट. चिखल आणि चिपीची दाट झाडी, दुसरं काही नाही. भातं कापून झाली की रानडुकरं रात्री वर येऊन कणगरांचे कंद उकरतात, वालाच्या वेली तुडवतात आणि पहाटेच्या ओहोटीला चिखल तुडवत जुव्यावर जाऊन दिवसभर झोपतात. तिथे त्यांना गाठायचं तर भरतीला जावं लागतं, आणि भरतीला जायचं तर होडी लागते.

आणि होडी लागते म्हणून होडीला वाटा असतो. सागाची पानं जमिनीवर मांडून मटणाचे वाटे पडतात, तेव्हा पहिला वाटा गावदेवीचा. मग बंदुकीचा, बंदूक भागोजी गावकराची, शेतीच्या राखणीचा परवाना काढून घेतलेली, तेव्हा तो वाटा भागोजीच्या घरी जातो. मग कुत्र्यांचा. मग होडीचा, तो मोरूच्या घरी. आणि हे सगळे मोठे वाटे गेल्यावर जे उरतं ते हाकेवाल्यांत. काट्यांतून रक्तबंबाळ होत, थाळे बडवत, आरडत जो डुक्कर बंदुकीसमोर आणतो त्याच्या पानावर दोन हाडं आणि चामडीचा तुकडा. मोरू होडीत बसून विडी ओढतो आणि मांडीचा अख्खा फरा घेऊन घरी जातो.

केरू तर नुसता हाकेवाला नव्हता. माग त्याचा होता. चिखलातला खूर पाहून मादी की नर, काल गेलं की आज, हे तो सांगायचा. कुठल्या बाजूने हाका घालायचा आणि भागोजीने कुठल्या झाडावर बसायचं हेही तोच सांगायचा. मिसरूड फुटल्यापासून सांगत आला होता. पण रीतीत मागाला वाटा नाही. कुत्र्याला आहे, लाकडाला आहे, लोखंडाला आहे. माणसाच्या डोळ्यांना नाही.

आणि त्या साली मुंबईच्या गिरण्या संपात बंद पडल्या, आणि वाडीतले पुरुष बोचकी घेऊन घरी आले. काम नाही, धंदा नाही. शिकारीला मात्र सगळे. डुक्कर तेवढंच, तोंडं दुप्पट. एकदा तर केरूच्या पानावर एवढं पडलं की ते घेऊन घरी जायची त्याला लाज वाटली. तो भागोजीला म्हणाला, "गावकार, मागाचा कायतरी बगा."

भागोजी सुपारी कातरत होता. "मागाचा काय रे बगायचा? डोळे हायत तर माग दिसतो. वाटा पायजे तर बंदूक आण. नायतर होडी आण."

लोक हसले. केरूही हसला. काय करणार? पण ते वाक्य घेऊन तो घरी आला आणि उशाशी घेऊन झोपला. बंदूक या जन्मी मिळणार नव्हती. होडी मात्र लाकडाचीच असते.

खाडीकडच्या बांधावरचा रायवळ आंबा त्याने तोडला. त्या आंब्याच्या साटांवर राहीने पोरं वाढवली होती. पावसाळ्यात घरात दुसरं काही नसलं तरी तेवढं असायचं. आंबा आडवा झाला तेव्हा ती नवऱ्याशी बोलायची बंद झाली. पुढे बोलायला लागली ती फक्त टोमणे मारायला. पण कोरा चहा मात्र न चुकता बांधावर आणून द्यायची.

पाऊस लागायच्या आत होडी कोरून झाली. आणि मग केरूने ती बुडवली नाही. वाडीतल्या पोरांना लावून ओढत गोठ्यात आणली, चार चिऱ्यांवर ठेवली, वर पेंढा घातला आणि खाली रोज भाताच्या तुसाची धुरी केली. भुंगा लागू नये, ओल राहू नये. बैल बाहेर पडवीला झडीत भिजायचे आणि होडी गोठ्यात ऊब घ्यायची.

"माज्या बाळंतपणाला येवडी शेगडी नव्हती दिलीत," राही म्हणाली.

"तू होतीस तरी का येवडी कामाची?"

"नाय. मी आपली फुकट भाकरी खाताव."

सगळा पावसाळा केरू खुशीत होता. लाकूड हलकं झालं, खणखणीत वाजायला लागलं. नांगराच्या लाकडासारखं. दसऱ्याला त्याने पेंढा बाजूला केला.

होडी फाटली होती. पुढच्या टोकापासून, नाळेपासून, मधल्या फळीपर्यंत तळाला अशी फट, की वरून बोट घातलं ते खालून दिसलं. केरूने बोट काढलं, पुन्हा घातलं, जणू दुसऱ्या वेळी फट नसेल. काय करायचं अशा वेळी माणसाने? शिव्या कुणाला घालायच्या? लाकूड चुकलं नव्हतं, पाऊस चुकला नव्हता, मोरूनेही फसवलं नव्हतं. मोरूने फसवलं असतं तर बरं झालं असतं. निदान त्याच्या दारात जाऊन बोंब मारता आली असती.

त्याने कुऱ्हाड आणली.

राही गोठ्याच्या दारात उभी होती. "फोडा," ती म्हणाली. "आंबा गेला तो गेला, सरपान तरी होऊ दे. शिमग्यापर्यंत पुरंल."

केरूने तिच्याकडे बघितलं. कुऱ्हाड भिंतीला टेकवली आणि बाहेर निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तो संगमेश्वरच्या बाजारातून डांबर घेऊन आला. घरी येतो तर होडीजवळ काथ्याचा एक गुंडा आणि बाटलीभर मुशी माशाचं तेल ठेवलेलं. मुशीचं तेल कुणब्याच्या घरात कधी नसतं. ते खारव्यांकडे, होडीला चोळायला. केरूने ते कुठून आलं हे विचारलं नाही. राहीनेही सांगितलं नाही. दोघं समोरासमोर बसून फटीत काथ्या भरू लागली. तो धरायचा, ती विळ्याच्या पाठीने ठोकायची. वरून डांबर, डांबरावर रॉकेलच्या डब्याचा पत्रा, पत्र्याला खिळे. सगळ्या वाडीत मुशीच्या तेलाचा घाण वास सुटला. शेजारची चिमा पदर नाकाला लावून म्हणाली, "राही, घरात काय मेलाय गो?"

"आमचा आंबा," राही म्हणाली.

होडी खाडीत घातली. गळत होती. पण बुडत नव्हती. एकाने वल्हवायचं, एकाने पाणी उपसायचं, असं केलं तर जात होती. केरूला तेवढं पुष्कळ होतं.

मार्गशीर्षात त्याला जुव्याकडे गेलेला माग सापडला. मोठा नर, एकटा, ताजा. तो भागोजीकडे गेला. "गावकार, डुक्कर जुव्यावर हाय. आन् होडी माजी."

भागोजीने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "ती गळकी?"

"खाडीत हाय म्हयनाभर. तळाला गेली नाय."

"माणसा किती बसतील?"

केरूने दोन बोटं वर केली.

"मग मोरूला सांगायलाच लागेल," भागोजी म्हणाला. "तू पण आण. कुत्री बसतील तुज्यात."

भरतीला निघाले. पुढे मोरूची मोठी होडी. तीत भागोजी बंदूक मांडीवर घेऊन आणि भोवती हाकेवाले. मागे केरूची, तीत कुत्री आणि ती सांभाळायला बाबल्या. बाबल्या गिरणीत होता, संपाने घरी बसला होता. त्याच्या हातात केरूने रॉकेलचा डबा दिला होता, पाणी उपसायला.

"केरूदा, ही होडी का इहीर?" बाबल्या म्हणाला. "काडलाव तितका येतंय."

"गप उपस."

"गिरणीत बरा होता. भोंगा झाला का थांबायचा तरी."

एक कुत्रा काठावर पाय ठेवून खाडीत बघत होता आणि बाबल्याकडे बघत होता. त्याचाही विश्वास बसत नव्हता. मोरूच्या होडीतले लोक मागे वळून हसत होते. मोरू हसत नव्हता. तो केरूच्या होडीचा काठ पाण्याच्या किती वर उरलाय ते बघत होता.

जुव्यावर पुढचं सगळं केरूने सांगितलं तसं झालं. हाका पूर्वेकडून घातला. भागोजी वाकड्या चिपीवर बसला. डुक्कर त्याच वाटेने आलं, बार झाला, चिखलात लोळत थोडं गेलं आणि पडलं. केवढं होतं म्हणता! चार जणांनी पाय धरले तरी पोट जमिनीला घासत होतं.

पण डुक्कर झाडीबाहेर आणीपर्यंत ओहोटी लागली. मोरूची होडी जड, तिला पाणी जास्त लागतं. माणसं घेऊन ती कशीबशी धारेने निघाली असती. वर डुक्कर टाकलं असतं तर चिखलात रुतून संध्याकाळच्या भरतीपर्यंत तिथेच. आणि तोपर्यंत उन्हात मटण नासणार.

मोरू म्हणाला, "केरूच्या होडीत घाला. ती थोड्या पाण्यावरनं जाईल."

कुत्री मोरूच्या होडीत चढवली आणि डुक्कर केरूच्या होडीत घातलं. ते एकटंच मावलं. बाबल्या त्याच्या डोक्याशी अंग चोरून बसला, पाणी उपसायला. केरूला जागाच नव्हती. तो खाली उतरला. मांडीपर्यंत चिखल, कमरेपर्यंत पाणी. होडीचा काठ धरून, खांदा लावून तो ढकलू लागला. पायाखाली कालवांच्या शिंपा. पाय कापत होते ते कळत होतं, पण बघायला सवड नव्हती. पाय उपटावा तर गुडघा चिखलात, गुडघा काढावा तर दुसरा पाय आत. दोनदा तो तोंडावर पडला. पत्रा कुठेतरी खडकाला घासला आणि डुकराच्या रक्ताने लाल झालेलं होडीतलं पाणी एकदम वाढायला लागलं.

"केरूदा, चालली ही," बाबल्या म्हणाला.

"जात नाय. उपस."

"मी नाय उपसत तर कोन उपसतंय?"

ती गेली नाही. काठाला लागली तेव्हा आत डुकराच्या कानापर्यंत पाणी होतं. केरू चिखलातून वर आला आणि तिथेच बसला. अंगावर एक कातडी सोडून सगळं चिखलाचं. पण त्याचा चेहरा त्या वेळी कुणी नीट बघितला असता तर त्याला दिसलं असतं की हा माणूस आज खूश आहे. कुणी बघितला नाही. सगळे डुक्कर बघत होते.

भाजून, तासून, कापून झालं. सागाची पानं मांडली. भागोजी उकिडवा बसून नावं घेऊ लागला.

"गावदेवीचा." पहिलं पान.

"बंदुकीचा." दुसरं.

"कुत्र्यांचा."

"होडीचा," म्हणून त्याने फरा पानावर ठेवला, आणि सगळ्यांनी सवयीने मोरूकडे बघितलं. मोरूने केरूकडे बघितलं.

केरू उठून उभा राहिला. "होडीचा माजा."

आता ही गोष्ट कुणाच्या बापजन्मी झालेली नव्हती. आजवर होडी एकच होती, म्हणून होडीचा वाटा कशाबद्दल, माणसं नेल्याबद्दल की शिकार आणल्याबद्दल, हे कुणाला ठरवावंच लागलं नव्हतं.

"डुक्कर केरूदाच्या होडीतनं आला," बाबल्या म्हणाला. "मी बगितलाय. माज्या मांडीवर डोका होता त्याचा."

"आन् आमी काय पवत गेलाव?" मागून कुणीतरी म्हणालं. "माणसा मोरूच्या होडीतनं गेली."

"दोन वाटे पाडा मग होडीचे."

"दोन होडीचे, मग आमाला काय? शेपूट?"

भागोजीने हात वर केला. "बंदूक ज्या होडीत बसली ती होडी. बंदुकीबिगर डुक्कर मरतो का?"

"हा कायदा कदी झाला, गावकार?" केरू म्हणाला.

"आता झाला."

"तुमीच बोल्लाव होतात ना, होडी आण म्हणून? आणली मी. आंबा तोडून आणली."

"होडी आण बोल्लो होतो. चाळण नाय."

लोक हसले. या वेळी केरू हसला नाही. त्याच्या पायांतून रक्त येत होतं आणि ते सागाच्या पानांजवळच्या मातीत मुरत होतं. डुकराचं कुठलं, त्याचं कुठलं, कळत नव्हतं.

तेव्हा मोरू उठला. भला माणूस. "द्या त्याला," तो म्हणाला. "मना नको. घरात मासळी पडलीय माज्या. बिचाऱ्यानं मर मर मरून आणलान."

भागोजीला तेवढंच हवं होतं. "घे केरू. मोरू देतोय तुला."

फरा समोर होता. एवढा वाटा केरूच्या घरात कधी गेला नव्हता. हात पुढे केला की झालं. सगळे वाट बघत होते, कधी हा घेतो आणि कधी आमचे वाटे पडतात.

"मोरू कोण देणारा?" केरू म्हणाला. "होडीचा असंल तर माजा म्हणून द्या. माजा नसंल तर नको."

"अरे, मटन तेच हाय की."

"माजा म्हणून द्या, गावकार."

भागोजीने त्याच्याकडे बघितलं. एवढं एक वाक्य बोलायचं होतं त्याला. तोंडाला काही फोड आले नसते. पण आज मागणाऱ्याला होडीचा दिला तर उद्या हा मागाचाही मागेल, हे त्याला कळत होतं. असल्या गोष्टी या लोकांना बरोबर कळतात.

"मग ऱ्हाऊ दे तितंच," भागोजी म्हणाला, आणि हाकेवाल्यांचे वाटे घालायला लागला.

केरूला त्याचा हाकेवाल्याचा वाटा मिळाला, शेवटून दुसरा. तो त्याने पानात गुंडाळला आणि चालू लागला. फरा तसाच पडून राहिला. मोरूनेही तो उचलला नाही. नको म्हटल्यावर उचलणार कसा? सगळे पांगले तशी कुत्री जवळ आली. त्यांना कुणी हाकललं नाही. त्या दिवशी कुत्र्यांना दोन वाटे मिळाले.

केरू घरी पोचला तेव्हा ऊन उतरलं होतं. चुलीवर मोठा टोप चढलेला, आत पाणी उकळत होतं. पाट्यावर वाटलेलं खोबरं, लाल मसाला, कांदा. एवढं वाटण त्यांच्या घरात लग्नकार्याला होत असे.

"टोप कुणाचा?"

"चिमाकडनं आणलाय. आपला लहान पडला असता." राहीने त्याच्या हातातलं पान बघितलं. मग त्याच्या मागे बघितलं, आणखी काही येतंय का. "होडीचा?"

"नाय."

"डुक्कर आला कशातनं?"

"आपल्या होडीतनं."

राहीने टोप उतरवला, त्यातलं गरम पाणी घमेल्यात ओतलं आणि घमेलं त्याच्या पायांजवळ आणून ठेवलं. केरू पाय सोडून बसला. पाणी लाल झालं. तिने आपलं लहान पातेलं चुलीवर ठेवलं आणि मटण शिजायला घातलं. वाटण जास्त, मटण कमी. रस्सा घट्ट झाला.

शिजल्यावर तिने चिमाचा टोप पुसून पुढ्यात घेतला.

"उद्या दे तो," केरू म्हणाला. "आज ऱ्हाऊ दे."

"वाटण करताना बसली होती ती हितं. वाट बगत असंल."

"मग रिकामाच दे."

"आणलेला टोप रिकामा देतात?"

तिने पळीने लहान पातेल्यातलं मटण टोपात घातलं. चांगले तुकडे निवडून घातले. हाडं आपल्याला ठेवली. टोप एवढा मोठा की रस्सा तळाला नुसता पसरला. तिने टोप तिरपा करून तो एका बाजूला आणला, तुकडे त्यावर रचले, वर ताटली झाकली.

"इचारलान तर काय सांगशील?" केरूने विचारलं.

"सांगंन, होडीचा वाटा हाय."

तिने डोक्यावरून पदर घेतला आणि टोप उचलला. एका हातात सहज राहिला असता. राहीने तो दोन्ही हातांनी, पोटाशी धरला, भरल्या टोपासारखा, आणि जपून पावलं टाकत अंगण उतरली.